पॅचचे पैसे खेळाडूंनी वेगळे द्यावेत का?

भिंतीतून_आरपार

गेमचे पैसे एकदा दिले, मग त्यातले बग (चुका) काढणाऱ्या पॅचचे, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटचे, पुन्हा पैसे कशाला, हे उत्तर मला माहीत आहे. पहिल्या वर्षापुरतं ते मान्यही आहे. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे.

पाच-सहा जणांचा स्टुडिओ आहे असं धरा. गेम येऊन चार वर्षं झाली, विक्री जवळपास थांबली. बगांची यादी खेळणाऱ्यांना तोंडपाठ आहे: को-ऑपमध्ये, म्हणजे काही जणांनी मिळून खेळताना, सेव्ह (साठवलेली प्रगती) खराब होते, एका मोहिमेत दार उघडतच नाही, ठरावीक ग्राफिक्स कार्डावर सावल्या लुकलुकतात. स्टुडिओचं म्हणणं, माणसं पुढच्या गेमवर लागलीत, याच्यासाठी पैसा उरलेला नाही. मग खेळाडूंमधून त्याच तीन सूचना येतात:

१. एकेका बगावर वर्गणी. ज्या बगावर ठरलेली रक्कम जमेल तो आधी काढायचा.
२. वार्षिक देखभाल वर्गणी. वर्षभर एक माणूस जुन्या गेमवर बसेल.
३. पॅचच विकायचा. घेईल त्याला दुरुस्त आवृत्ती, बाकीच्यांना आहे तीच.

मी दुसऱ्याकडे झुकतो. पण आतलं काम ज्यांना माहीत आहे त्यांच्याकडून ऐकायचंय की एक बग काढायला प्रत्यक्षात काय काय लागतं, आणि या तिन्हींपैकी कोणती व्यवस्था कुठे फसते. "कंपन्या लुटारू आहेत" एवढाच प्रतिसाद असेल तर कृपया नको, त्यासाठी दुसरे धागे भरपूर आहेत.

टेस्टबेंच

कोडमधला बदल हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त भाग असतो. तुमचंच सेव्हचं उदाहरण घेऊ.

को-ऑपमध्ये सेव्ह खराब होण्याचं एक नेहमीचं कारण असं: होस्टच्या, म्हणजे ज्याच्याकडून खेळ चालतो त्याच्या, मशीनवर ऑटोसेव्ह लिहिली जात असते आणि नेमका त्याच क्षणी कुणी तरी खेळ सोडतो. फाइल लिहिणारा थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) वेगळा, खेळाडूंची यादी बदलणारा वेगळा, आणि एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारं कुलूप दोघांत नाही. फाइलच्या सुरुवातीला "चार खेळाडू" असं लिहिलं जातं, आत सामान तिघांचंच उतरतं. पुढच्या वेळी लोड करताना चौथ्या खेळाडूच्या जागी नकाशाचा डेटा वाचला जातो आणि गेम कोसळतो. म्हणजे चूक घडते शनिवारी आणि दिसते रविवारी. खेळाडू मग "लोड करताना क्रॅश" अशी तक्रार करतो. लोड करणाऱ्या कोडचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

दुरुस्ती सरळ आहे. लिहिण्याआधी गेमच्या स्थितीची पूर्ण प्रत मेमरीत काढायची. ती तात्पुरत्या फाइलीत लिहायची, शेवटी चेकसम (फाइल बिघडली नाही ना, हे ताडायचा आकडा) जोडायचा. डिस्कवर सगळं उतरलं याची खात्री झाली की नाव बदलून ती जुन्या फाइलीच्या जागी ठेवायची. शिवाय शेवटच्या तीन सेव्ह आलटून पालटून जपायच्या. कोडची ओळख असलेल्या माणसाला दोन-तीन दिवस पुरतात.

खर्च सुरू होतो यानंतर. समजा हा बग वीस प्रयत्नांत एकदा घडतो. दुरुस्तीनंतर तो दहा वेळा दिसला नाही, याला काडीची किंमत नाही. वीसातून एकदा घडणारी गोष्ट गेली असं ९५ टक्के खात्रीने म्हणायचं तर सलग ५९ प्रयत्न स्वच्छ जावे लागतात. एका प्रयत्नाला दहा मिनिटं आणि दोन माणसं धरली तर साधारण २० मनुष्यतास. पीसी आणि तीन कन्सोल असतील तर ८०. यातलं थोडं काम स्क्रिप्ट लावून यंत्राकडून करून घेता येतं, पण सहा जणांच्या स्टुडिओत ती स्क्रिप्ट लिहिणारा माणूस तोच असतो जो पुढच्या गेमवर बसलाय.

त्यात जुन्या सेव्ह. फाइलीची रचना बदलली की आवृत्ती क्रमांक वाढवावा लागतो आणि जुनी फाइल नव्या रचनेत आणणारा कोड लिहावा लागतो. तो तपासायला वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या खऱ्या सेव्ह लागतात. या पायरीवर घाई केली की पॅच बग काढतो आणि चारशे तासांची सेव्हही घेऊन जातो.

नेमकं हे २०१२ साली फेझ या गेमच्या बाबतीत झालं. एक्सबॉक्स ३६०वरच्या पॅचने बरेच बग काढले, पण काही खेळाडूंच्या सेव्ह खराब केल्या. पॅच मागे घेतला गेला. सुधारून पुन्हा द्यायचा तर मायक्रोसॉफ्टकडून पुन्हा प्रमाणित करून घेणं आलं, आणि त्याची फी दहा हजारांच्या पटीत डॉलर होती. स्टुडिओने हिशेब केला की फटका एक टक्क्याहून कमी लोकांना बसतोय, आणि तोच पॅच जसाच्या तसा परत लावला. खूप शिव्या खाल्ल्या. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ती फी काढून टाकली. फी गेली तरी कन्सोलवर तपासणी आहेच, आणि नापास झालं की पुन्हा रांगेत.

दुसरं टोकही सांगतो, नाही तर चित्र एकांगी होईल. २०१३चा एलियन्स: कलोनियल मरीन्स. त्यातले शत्रू वेड्यासारखे वागायचे. पुढे कळलं की एका सेटिंग फाइलीत "टेदर" या इंग्रजी शब्दात एक "ए" जास्तीचा पडला होता. त्यामुळे शत्रूंच्या हालचालींचा एक भाग जोडलाच जात नव्हता. अक्षर खोडलं की फरक दिसायचा. ही गोष्ट गाजली २०१८ साली, गेम येऊन पाच वर्षं झाल्यावर. दुरुस्तीला पाच सेकंद, सापडायला पाच वर्षं. अशा बगाची वर्गणी किती ठेवायची, सांगा.

चौकस

टेस्टबेंच यांच्या शेवटच्या वाक्यावरूनच पुढे जातो. पहिला पर्याय, म्हणजे बगागणिक वर्गणी, मला तिन्हींत सगळ्यात वाईट वाटतो. कारणं नैतिक नाहीत, यांत्रिक आहेत.

एक बग म्हणजे नेमकं काय, हे कुणी ठरवायचं? दार उघडत नाही, सावल्या लुकलुकतात आणि शत्रू भिंतीत अडकतो, या तीन तक्रारींचं मूळ एकच असू शकतं. उलट "मधूनच क्रॅश होतं" या एका तक्रारीखाली सात वेगळे बग निघतात. तीन ठिकाणी वर्गणी जमली आणि एका ओळीत तिन्ही गेले, तर पैसे तिप्पट का, म्हणून भांडण. सातांपैकी चार काढले आणि क्रॅश चालूच राहिला, तर पैसे बुडाले म्हणून भांडण. आणि सहा महिन्यांनी तोच बग दुसऱ्या पॅचमुळे परत आला, तर पुन्हा वर्गणी की फुकट?

वर्गणी डोळ्यांना दिसणाऱ्या बगावर जमते. पात्राच्या तोंडाऐवजी नुसते डोळे तरंगतात, त्याचे व्हिडिओ फिरतात, त्यावर पैसे पडतात. एका विशिष्ट ड्रायव्हरवर शंभरात एकाचा गेम सुरूच होत नाही, तो एकटा किती भरणार? बगाची तीव्रता आणि त्याची प्रसिद्धी या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. स्टुडिओच्या यादीतही म्हणून तीव्रता आणि प्राधान्य असे दोन निराळे रकाने असतात.

मुक्त स्रोत जगात हा प्रयोग होऊन गेलाय. बाउंटीसोर्स नावाची जागा नेमकी याच तत्त्वावर चालायची: अडचणीवर बक्षीस लावा, सोडवेल तो घेईल. रकमा वर्षानुवर्षं पडून राहिल्या. २०२० साली त्यांनी नियम आणला की दोन वर्षांत कुणी दावा केला नाही तर रक्कम आमची. ओरडा झाल्यावर मागे घेतला, पण अवघड बगाचे पैसे शेवटी कुणाचे, हा प्रश्न त्या व्यवस्थेत मुळातच होता.

इथे कुणी तरी "पण बग बाउंटी तर मोठमोठ्या कंपन्या चालवतात" म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. तिथे पैसा उलट वाहतो, कंपनीकडून शोधणाऱ्याकडे. २०२१ साली जीटीए ऑनलाइनचं लोडिंग एवढं रेंगाळतं का, याचा शोध एका खेळाडूनेच लावला. सुमारे १० एमबीची, ६३ हजार नोंदींची एक फाइल वाचताना प्रत्येक तुकड्यापाशी कोड उरलेल्या अख्ख्या मजकुराची लांबी पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. वर प्रत्येक नोंद आधी आली आहे का, हे बघायला आधीची सगळी यादी चाळत होता. हे दोन्ही काढल्यावर त्याचा लोडिंगचा वेळ जवळपास ७० टक्क्यांनी उतरला. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने त्याला १० हजार डॉलर दिले आणि दुरुस्ती अधिकृत पॅचमध्ये घेतली. मूळ गेम २०१३चा! इतकी वर्षं हे कुणाच्या कामाच्या यादीत वर का आलं नाही, याचं उत्तर मला वाटतं सोपं आहे: लोक तरीही खेळत होते आणि पैसे खर्चत होते.

पॅचवर्क

चौथा पर्याय यादीत नाहीच, आणि जुन्या गेमांच्या बाबतीत खरं काम त्यानेच झालंय. खेळाडूंनी केलेले अनधिकृत पॅच.

व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स नोव्हेंबर २००४ मध्ये आला, बनवणारा ट्रॉइका स्टुडिओ काही महिन्यांत, २००५ मध्ये बंद पडला. आज तो गेम नीट खेळता येतो तो चाहत्यांच्या पॅचमुळे. डार्क सोल्सची २०१२ची पीसी आवृत्ती आतल्या आत १०२४ बाय ७२० मध्येच चित्र काढायची, तुमचा स्क्रीन कितीही मोठा असो. त्यावरचा उतारा रिलीजनंतर काही तासांत एका मॉडरने, म्हणजे गेममध्ये स्वतः बदल (मॉड) करणाऱ्या खेळाडूने, दिला. फुकट.

पण मॉडने काय होतं आणि काय होत नाही, हे नीट समजून घ्या. डेटातल्या चुका (चुकीचा आकडा, विसरलेला संवाद, न लागलेला ट्रिगर), स्क्रिप्टमधल्या चुका, टेक्स्चर, सेटिंग फाइली: हे होतं. बायनरीत (गेमच्या तयार, चालणाऱ्या फाइलीत) घुसून केलेली दुरुस्तीही होते, पण गेमचा एक छोटा अधिकृत अपडेट आला की मेमरीतले पत्ते सरकतात आणि ती निकामी होते. म्हणूनच स्कायरिम या गेमचे मॉड वापरणारे अपडेट आला की घाबरतात. नेटवर्कचं कोड, सर्व्हरवर चालणारं काहीही, आणि बहुतेक कन्सोल: इथे हात पोचत नाही. म्हणजे मूळ प्रश्नातलं दार आम्ही उघडू. सावल्यांचंही बघू. को-ऑपची सेव्ह मात्र अवघड, कारण ती दुरुस्ती बायनरीत घुसूनच करावी लागते.

मग मॉडरलाच पैसे द्या ना? तेही करून झालंय. स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानात स्कायरिमचे मॉड विकायची सोय २३ एप्रिल २०१५ला आली आणि २७ एप्रिलला गेली. चार दिवस टिकली. मॉड बनवणाऱ्याला २५ टक्के मिळणार होते, यावरून एक भांडण. दुसरं भांडण जास्त मूलभूत होतं: एक मॉड दुसऱ्या पाच मॉडांवर उभा असतो, त्या पाच जणांनी फुकट दिलेलं असतं, मग विकणारा सहावा कोण? आणि विकत घेतलेला मॉड पुढच्या अपडेटने मोडला तर जबाबदार कोण?

म्हणून माझं मत असं की पैसे जमवण्याआधी स्टुडिओकडे पुढच्या गोष्टी मागा. त्यांना यातल्या बहुतेकांचा खर्च थोडाच येतो. मॉडिंगची साधनं, निदान स्क्रिप्ट संकलित करणारं. डिबग सिम्बल, म्हणजे क्रॅश कुठल्या फंक्शनमध्ये झाला ते नावाने दिसेल. स्वतंत्र सर्व्हर चालवायची फाइल. आणि सेव्हच्या रचनेचं दोन पानी वर्णन. यातली शेवटची गोष्ट जरी मिळाली तरी खराब झालेल्या सेव्ह सांधायचं साधन कुणी ना कुणी आठवड्याभरात लिहितो.

भिंतीतून_आरपार

पहिला पर्याय मोडीत निघाला, हे मान्य. मॉडचा मुद्दाही पटला. पण तिघांपैकी कुणीच दुसऱ्या पर्यायाला हात लावला नाही. ऑनलाइन गेमांत मासिक वर्गणी चालते आणि त्यातूनच बग काढणाऱ्यांचे पगार होतात. मग एका खेळाडूच्या गेमला वार्षिक वर्गणी का नको? आणि तिसरा पर्याय आवडत नसला तरी तो तांत्रिकदृष्ट्या का फसेल, तेही कुणी सांगावं.

हिशेबी

कागद-पेन्सिल घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गेमचे घालून बघा.

समजा आजवर १ लाख प्रती खपल्या. चार वर्षांनी महिन्याला ३ हजार जण खेळतात. त्यातले ५ टक्के वर्गणी देतील, हाही आशावाद धरू: १५० जण. प्रत्येकी वर्षाला १० डॉलर, म्हणजे १,५०० डॉलर. स्टीमचा सुरुवातीचा वाटा ३० टक्के, उरले १,०५०. त्यातून कर. टेस्टबेंच यांनी नुसत्या तपासणीचे ८० तास सांगितलेत. १,०५० भागिले ८० म्हणजे तासाला १३ डॉलर, आणि यात कोड लिहिणाऱ्याचा एकही तास धरलेला नाही. वर्षाला जेमतेम एक मोठा बग, तोही तोट्यात. वर्गणी दहापट केली तर १५०चे १५ राहतील.

अडचण लोकांच्या कंजुषीची नाही. बग काढल्याचा फायदा आहे त्याच खेळाडूंना होतो आणि ते थोडे असतात. नवीन सामग्रीचं तसं नाही, ती सोडून गेलेल्यांना परत आणते आणि ज्यांनी गेम घेतलाच नव्हता त्यांनाही. पॅराडॉक्स कंपनीचे डावपेचाचे गेम या गणितावर वर्षानुवर्षं चालतात: विकतचा विस्तार (गेमला जोडायचा नवा भाग) येतो आणि त्याच दिवशी सगळ्यांसाठी फुकट पॅच येतो. देखभालीचा खर्च विस्ताराच्या किमतीत मुरलेला असतो. सायबरपंक २०७७चंही बघा. डिसेंबर २०२० मध्ये इतका कच्चा आला की सोनीने आठवड्याभरात आपल्या दुकानातून काढला आणि तो परत आला थेट जून २०२१ मध्ये. सप्टेंबर २०२३ची २.० आवृत्ती सगळ्यांना फुकट होती. पैसे लागले ते त्याच महिन्यात आलेल्या फँटम लिबर्टी विस्ताराचे.

याचा वाईट चेहराही आहे. बॅटमॅन: आर्कम ओरिजिन्सच्या वेळी २०१४ मध्ये निर्मात्यांनी जाहीर सांगितलं की सध्या लोक कथेच्या विकतच्या भागावर काम करताहेत, नव्या पॅचचा बेत नाही. आणि काढलाच, तर खेळ पुढे सरकू न देणारे बग बघू, बारीकसारीक नाही. लोक भडकले. पण "माणसं पैशामागे जातात" हे इतक्या स्वच्छ शब्दांत फार कमी वेळा ऐकायला मिळतं.

मासिक वर्गणीबद्दल. ती चालते कारण सर्व्हर बंद झाला तर गेम नाही, म्हणजे वर्गणी बगांसाठी नसतेच. आणि तिथे बग फार झाले तर रीत उलटी आहे. फायनल फँटसी मालिकेतला चौदावा गेम सप्टेंबर २०१० मध्ये येऊन पडला, तेव्हा तो बनवणाऱ्या स्क्वेअर एनिक्सने वर्गणी घेणंच थांबवलं. ती परत सुरू झाली २०१२च्या सुरुवातीला, आणि नव्याने बांधलेला गेम आला ऑगस्ट २०१३ मध्ये. बग काढायचे आहेत म्हणून वर्गणी वाढवली असती तर तो गेम आज नसता, असं मला वाटतं.

तिसरा पर्याय. विकतचा पॅच म्हणजे दोन आवृत्त्या कायमच्या जिवंत. को-ऑपमध्ये पॅच घेतलेला आणि न घेतलेला एकत्र खेळू शकत नाहीत, कारण दोघांच्या मशीनवर तीच क्रिया वेगळा निकाल देते आणि दोघांचे खेळ एकमेकांशी जुळेनासे होतात. जोडणी करताना आवृत्ती जुळते का हे बघून गेम तसाही नकार देतो. तीन हजार खेळाडूंचे दीड हजार आणि दीड हजार झाले की सोबती सापडायला दुप्पट वेळ. पुढचा प्रत्येक बदल दोन्हींवर तपासायचा. तक्रारी मात्र जुन्याच आवृत्तीच्या येत राहणार.

टेस्टबेंच

हिशेबी यांच्या गणिताला एक दुरुस्ती. ८० तास हा सगळ्यात महागड्या प्रकारच्या बगाचा आकडा आहे, क्वचित घडणारा आणि चार प्लॅटफॉर्मवरचा. मोहिमेतलं दार दर वेळी उघडत नसेल तर ते तपासायला अर्धा दिवस पुरतो. त्यामुळे वर्षाला "जेमतेम एक" नाही, एक मोठा किंवा आठ-दहा किरकोळ असं म्हणा. निष्कर्ष बदलत नाही.

कलम_खूण

कायद्याचं थोडक्यात, कारण "द्यावेत का" यात "मागता येतात का" हाही प्रश्न येतो.

युरोपीय संघात डिजिटल सामग्रीबद्दलचा निर्देश २०१९/७७० आहे, १ जानेवारी २०२२पासून लागू. विकलेली सामग्री करारात सांगितल्याप्रमाणे चालली पाहिजे आणि तशी राहण्यासाठी लागणारे अपडेट, सुरक्षेचे धरून, विक्रेत्याने पुरवले पाहिजेत. एकदाच पैसे देऊन घेतलेल्या गोष्टीसाठी ही मुदत "ग्राहकाला वाजवी अपेक्षा असेल तितकी". वाजवी म्हणजे किती, यावरच सगळा वाद. पण पहिल्या काही महिन्यांत मूळ दोष काढायला वेगळे पैसे मागणं तिथे टिकणं कठीण. ऑस्ट्रेलियात परताव्याच्या हक्कांबद्दल ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल स्टीम चालवणाऱ्या वाल्व्हला डिसेंबर २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

रोजच्या व्यवहारात मात्र दुकानाचा नियमच उपयोगी. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवस आणि २ तासांपेक्षा कमी खेळ. त्यामुळे ते दोन तास सुरुवातीची कथा बघण्यात घालवू नका. सेव्ह करून गेम पूर्ण बंद करा, पुन्हा लोड करा. आल्ट-टॅब करून, म्हणजे खेळ चालू असताना दुसऱ्या विंडोत जाऊन परत येऊन, बघा. कंट्रोलर काढून लावा. को-ऑपसाठी घेतला असेल तर पहिल्या अर्ध्या तासात दुसऱ्याला जोडून बघा, आणि त्याला मुद्दाम मध्येच बाहेर पडायला सांगा. चाळीसाव्या तासाला उगवणारा बग यात सापडणार नाही, हे खरंच. त्यासाठी विकत घेण्याआधी अलीकडच्या तीस दिवसांतली मतं वाचावीत, एकूण टक्केवारी नाही.

चौकस

हिशेबी यांच्या आर्कमच्या मुद्द्यावर एक टोला. त्याच उदाहरणावरून मूळ प्रश्नकर्ता म्हणू शकतो की बघा, विस्ताराला पैसे मिळतात म्हणून माणसं तिथे गेली, पॅचला मिळाले असते तर पॅचवर गेली असती. तर्क बरोबर आहे. पण त्याचं पुढचं पाऊलही बघा. पॅचमधून उत्पन्न येऊ लागलं की रिलीजच्या आधीच्या बैठकीत, "हा बग माहीत आहे, आत्ता काढायचा की नंतर?" या प्रश्नाचं वजन बदलतं. कुणी मुद्दाम बग घालणार नाही, तेवढं पाप कुणी करत नाही. पण तारीख डोक्यावर आली की "नंतर" म्हणणं आजच सोपं असतं. त्या "नंतर"ला उत्पन्नाची ओळ जोडली तर ते शहाणपण ठरेल. मला धोका तिथे दिसतो.

गेम मेला, स्टुडिओ लहान आहे आणि हिशेब उघड ठेवतो, अशा वेळी वर्गणीला माझा विरोध नाही. अट एकच: पैसे तासांचे मागा, बगांचे नकोत. "या रकमेत शंभर तास, यादीचा क्रम आम्ही ठरवू, दर महिन्याला तास कुठे गेले ते लिहू." निकालाचं वचन द्यायचं नाही, कारण ते कुणालाच देता येत नाही.

टेस्टबेंच

पैशांऐवजी ज्याने तास खरोखर वाचतात ती वस्तू म्हणजे नीट लिहिलेली तक्रार. "गेम क्रॅश होतो, कधी काढणार?" यातून काही निघत नाही. हे द्या:

आवृत्ती क्रमांक, मुख्य मेनूच्या कोपऱ्यात असतो तो पूर्ण. काय केलं, क्रमाने, प्रत्येक पायरी वेगळी. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. किती वेळा: "दहापैकी तीनदा" हे "कधी कधी"पेक्षा शंभरपट उपयोगी. मॉड काढून, फाइली तपासून घेऊन पुन्हा घडतं का. को-ऑप असेल तर होस्ट कोण, बाहेर कोण पडला, आणि घड्याळातली वेळ.

आणि लॉग. युनिटी या इंजिनवर (गेम बनवायच्या साधनावर) बनलेले गेम विंडोजवर ॲपडेटाच्या लोकललो फोल्डरमध्ये कंपनीच्या आणि गेमच्या नावाखाली "प्लेअर डॉट लॉग" ठेवतात. अनरियल या दुसऱ्या इंजिनवरचे बहुधा ॲपडेटाच्या लोकल फोल्डरमध्ये, गेमच्या नावाखाली "सेव्ह्ड" आणि त्यात "लॉग्ज" व "क्रॅशेस". नेहमीची चूक अशी की क्रॅश झाल्यावर लोक चिडून गेम पुन्हा सुरू करतात आणि लॉग नव्याने लिहिला जातो. युनिटीत आधीचा एक लॉग "प्लेअर-प्रिव्ह" नावाने राहतो, पण एकच. दोनदा सुरू केलात की गेला. म्हणून क्रॅशनंतर आधी फाइल उचला, मग चिडा.

सेव्हच्या बगासाठी दोन फाइली हव्यात: बिघडलेली आणि बिघडण्याआधीची शेवटची चांगली. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या की "चार खेळाडू, सामान तिघांचं" हे दहा मिनिटांत दिसतं. नुसती बिघडलेली असेल तर दोन दिवस. फक्त क्लाउड सेव्हपासून सावध: बिघडलेली फाइल चढते आणि दुसऱ्या मशीनवरची चांगली प्रतही पुसते. शंका आली की आधी क्लाउड बंद करा, सेव्हचं फोल्डर कुठे तरी कॉपी करून ठेवा, मग पुढचं.

भिंतीतून_आरपार

तासांची वर्गणी आणि त्याच्या जोडीला पॅचवर्क यांची यादी, असं स्टुडिओपुढे ठेवता येईल. सेव्हच्या रचनेची दोन पानं पहिली मागणी. एक शंका राहिली: नवा पॅच आला आणि त्याने कुणाची सेव्ह मोडली, तर त्याला जुन्या आवृत्तीवर परत जायचा रस्ता असतो का, की हिशेबी म्हणतात तसं दोन आवृत्त्या नकोच?

पॅचवर्क

असतो, आणि तो विकतच्या पॅचसारखा घातक नाही. स्टीमवर स्टुडिओ जुनी आवृत्ती वेगळ्या ब्रँचमध्ये ठेवू शकतो. लायब्ररीत गेमवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे बेटाजचा रकाना, त्यात आवृत्ती निवडायची. कुठल्या ब्रँच दाखवायच्या हे स्टुडिओच्या हातात असतं, त्यामुळे तुमच्या मागणीत ही ओळही घाला. परत जाण्याआधी सेव्हची प्रत काढायला विसरू नका: नव्या आवृत्तीने एकदा लिहिलेली फाइल जुनीला बहुधा वाचता येत नाही.